नव्या लॅपटॉपवर दसऱ्याच्याच दिवशी चरे पडले, काय करू?

टीपकागद:

नमस्कार मंडळी. विषय म्हटलं तर फालतू आहे पण चार दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून टाकतेय. हसायचं तर हसा, फक्त आधी उपाय सांगा आणि मग हसा.

सप्टेंबरमध्ये मी लॅपटॉप घेतला. स्वतःच्या पैशाने घेतलेली आयुष्यातली पहिली महाग वस्तू. कॉलेजात दादाचा जुना वापरला, त्याची बिजागरी तुटलेली, स्क्रीन उभी राहावी म्हणून मागे पोह्यांचा डबा टेकवायला लागायचा. मग ऑफिसचा मिळाला, त्यावर आधीच्या माणसाने लावलेले स्टिकर कुणीतरी नखाने खरवडलेले. त्यामुळे हा माझा, एकदम कोरा, पहिल्यांदा प्लास्टिक मी काढलेला. सगळी बॉडी ॲल्युमिनियमची, रंग गडद निळा, जवळजवळ काळाच. ब्रँड मुद्दाम सांगत नाहीये, नाहीतर इथे दोन पार्ट्या पडतील आणि माझा प्रश्न राहील बाजूला. ९४ हजार, नऊ हप्ते, त्यातला एकच गेलाय अजून.

तर यंदा दसरा २ ऑक्टोबरला आला, लागून शुक्रवारची रजा टाकली आणि वाईला घरी गेले. आमच्याकडे पूजेला सगळंच मांडतात, बाबांचा कोयता, विळा, दादाचा फवारणीचा पंप, आईचं शिलाई मशीन, गाडीची चावी. आई म्हणाली तुझा लॅपटॉप पण ठेव, तीच तुझी पाटी. मला इतकं भारी वाटलं ना, लहानपणी पाटीवर सरस्वती काढायचो आम्ही, त्या जागी आता हा. पाटावर ठेवला, बाजूने तिने रांगोळी काढली, वर हळदकुंकू, अक्षता, झेंडू, आपट्याचं पान, फोटो काढले, सगळीकडे टाकले.

संध्याकाळी मी सोनं द्यायला शेजारी गेले. परत आले तर आई म्हणते, अगं त्याच्यावर कुंकू सांडलेलं, मी स्वच्छ पुसून ठेवलाय बघ. ज्या फडक्याने पाट पुसला त्याच फडक्याने. आणि ओटा पुसतो तसा गोल गोल हात फिरवून. पाटाला रांगोळी होती ती फडक्याला लागली आणि फडक्यावरून झाकणावर. ट्यूबलाइटखाली तिरका धरला की दिसतं, अर्धगोल रेघा, केसासारख्या बारीक, एकात एक. दोन मात्र चांगल्याच चमकतात. शिवाय स्क्रीनच्या कडेच्या रबराला हळद लागलीय ती वेगळीच.

मी काहीच बोलले नाही. आईने विचारलं काय झालं गं, म्हटलं काही नाही, डोकं दुखतंय. रविवारी एसटीने पुण्याला येताना लॅपटॉप मांडीवर होता, खंबाटकीच्या बोगद्यात अंधार झाला तर मी बॅगेत हात घालून बोटाने रेघ चाचपतेय, लागते का हाताला. इतकं वेड लागलंय. रूममेट म्हणते तुला लॅपटॉप हवाय की शोकेस.

एक, हे जातं का कशाने. दोन, स्किन, म्हणजे ते वरून चिकटवायचं विनाइलचं आवरण, लावून झाकावं का. आणि तीन, ज्यांचं असं झालंय त्यांनी तिकडे बघणं कधी बंद केलं ते सांगा. आईला सांगायचं नाहीये, हे आधीच सांगून ठेवते.

---

खारीबिस्कीट:

टूथपेस्ट लाव ताई. साधी पांढरी, जेल नको. कापसावर घेऊन हलक्या हाताने घासायची आणि ओल्या कपड्याने पुसायची. माझ्या घड्याळाची काच अशीच चकाचक झाली होती.

---

लेथवाला:

टूथपेस्ट अजिबात लावू नका!!! वरच्यांनी मनापासून सांगितलंय पण घड्याळाची काच वेगळी आणि हे वेगळं. सविस्तर लिहितो, भोसरी एमआयडीसीत ॲनोडायझिंगच्या शॉपमध्ये अकरा वर्षं काढलीत म्हणून हक्काने लिहितोय.

तुमच्या लॅपटॉपचा रंग हा रंग नाहीच मुळात, म्हणजे गाडीला मारतात तसा वरून मारलेला पेंट नाही. ॲल्युमिनियमचा जॉब, म्हणजे ती वस्तू, सल्फ्युरिक ॲसिडच्या बाथमध्ये सोडतात, करंट देतात आणि त्या धातूचाच वरचा थर ऑक्साइडचा होतो, हेच ॲनोडायझिंग. त्या थराला डोळ्यांना न दिसणारी बारीक बारीक भोकं असतात, रंग त्या भोकांत मुरवतात आणि मग गरम पाण्यात टाकून भोकं बंद करतात, त्याला सीलिंग म्हणतात. हा सगळा थर साधारण १० ते २० मायक्रॉन. माणसाचा केस ७० च्या आसपास असतो, म्हणजे केसाच्या पाव जाडीत तुमचा निळा रंग संपतो आणि खाली पांढरं ॲल्युमिनियम. टूथपेस्टमध्ये बारीक खर, म्हणजे घासणारी कणी, असते, तिने घासलं की चरा जात नाही, चऱ्याच्या आजूबाजूचा थर खरवडतो आणि एका रेघेच्या जागी रुपयाएवढा चमकता डाग तयार होतो. असे डाग घेऊन लोक आमच्याकडे येतात आणि विचारतात परत काळं करून द्या. होत नाही. परत करायचं तर जुना थर कॉस्टिकमध्ये काढायला लागतो, त्यासाठी पूर्ण बॉडी मोकळी करायची, आतला एकूण एक स्क्रू, आणि एवढं करून शेड मॅच होईल याची गॅरंटी कोणी देणार नाही.

आता चांगली बातमी. हा ऑक्साइडचा थर कडक असतो, खालच्या ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी कडक, साध्या स्टीलला पण ऐकत नाही. तुमच्या घरी काळी हार्ड ॲनोडाइज्ड कढई असेल तर बघा, स्टीलचा डाव फिरवला की तिच्यावर करड्या रेघा उठतात. आपल्याला वाटतं कढईला चरे पडले. बऱ्याच वेळा ते चरे नसतात, डावाचं स्टील झिजून कढईवर बसलेलं असतं. लॅपटॉपवर पण हेच होतं. किल्ली, बॅगेची चेन, बांगडी, यांचा माल वर चिकटतो आणि माणूस रडायला लागतो.

तुमच्या केसमध्ये रांगोळी आहे, ती दगडाची पूड. तिने खरे चरे पडू शकतात पण सगळ्या रेघा खऱ्या असतील असं मला वाटत नाही, बऱ्याचशा म्हणजे रांगोळी आणि कुंकवाचे नुसते फराटे असणार. एक करा. मशीन पूर्ण बंद, चार्जर काढलेला. आधी काहीही न पुसता फुंकणीने, म्हणजे कॅमेरावाले वापरतात ते रबरी ब्लोअर, त्याने कण उडवा. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. मग स्वच्छ मायक्रोफायबर किंचित ओलं करून, गोल न फिरवता, एका दिशेने ओढा. तरी राहिलं तर ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कपड्यावर घ्या, मशीनवर स्प्रे मारू नका. त्यानेही राहिलं तर पांढरं मऊ खोडरबर घ्या. ते लाल निळं दुरंगी घेऊ नका, त्याची निळी बाजू शाई खोडायची, तिच्यात खर असते. पांढऱ्याने दोन बोटांच्या जोराने दहा वेळा. गेलं तर तो माल होता. नाही गेलं आणि रेघेत नख अडकलं तर तो चरा, त्याला सोडून द्या.

---

रविवारची_झोप:

लेथवाला काका, असं लिहा ना रोज. आमच्या घरी कढईवरून सासूसुनेचं भांडण झालेलं, चरे कोणी पाडले म्हणून. आज मिटवते.

---

टीपकागद:

अरे बापरे, खूप खूप धन्यवाद. अल्कोहोल मेडिकलमध्ये मिळतं का? आणि हळदीचं काय करू, साबणाच्या पाण्याने पुसू का रबर?

---

आजी_ऑनलाइन:

साबण नको ग बाळा! हळदीला साबण लागला की लाल होते, पांढऱ्या साडीवर वरणाचा डाग पडला की आपण साबण लावतो आणि तो लालभडक होतो तसंच. हळदीला ऊन हाच उपाय. पण लॅपटॉप उन्हात ठेवू नको हो, नातू म्हणतो आतली बॅटरी तापते. नुसता खिडकीजवळ उजेडात वापर, दोन तीन आठवड्यात पिवळेपणा आपोआप उतरेल. माझ्या टॅबच्या पांढऱ्या कव्हरला फोडणी उडाली होती, ते असंच गेलं.

आणि आईला रागावली नाहीस हे बरं केलंस.

---

कोकणी_फणस:

चऱ्याचं जाऊ द्या, तुम्ही एका मोठ्या संकटातून वाचलाय ते कोणाच्या लक्षात आलं का? अक्षता!! झाकण उघडं ठेवून पूजा केली असती आणि तांदळाचा एक दाणा की-बोर्डवर राहिला असता आणि आईंनी झाकण दाबून मिटलं असतं तर स्क्रीन गेली होती. हल्लीच्या पातळ लॅपटॉपमध्ये की-बोर्ड आणि स्क्रीनमध्ये जागाच नसते. ते कॅमेऱ्यावर लावायचे सरकते प्लास्टिकचे झाकण मिळतात ना, त्यानेसुद्धा काच तडकते. कॅमेऱ्यावर लावायचं ते साध्या प्रिंटरच्या कागदापेक्षा जाड नको, म्हणजे ०.१ मिलिमीटर. आमच्या ऑफिसात एकाने हेडफोनची ती बारकी रबरी टोपी राहिलेली असताना मिटला, ओरडलाच एकदम, कट् असा आवाज आला म्हणे. पॅनलचा खर्च ऐकून तो दोन दिवस जेवला नाही.

वॉरंटीत चरे येत नाहीत हे एव्हाना कळलं असेलच. दिसण्यापुरतं नुकसान म्हणून ते सरळ बाहेर ठेवतात, कुठल्याही कंपनीचा वॉरंटीचा कागद बघा, बारीक अक्षरात असतं.

---

पावती_हरवली:

स्किनबद्दल मी सांगतो कारण मी स्किन आणि कडक केस दोन्ही करून बसलोय. पहिल्या लॅपटॉपला पहिल्याच दिवशी पुण्याच्या तापकीर गल्लीत नेऊन स्किन लावली, वर कडक पारदर्शक केस बसवली, की-बोर्डला सिलिकॉनचं कव्हर टाकलं, म्हणजे लॅपटॉपला नुसता रेनकोट घातला हो. तीन वर्षं कौतुकाने जपला. केसच्या आत धूळ गेली कडेने आणि ती आतल्या आत घासत राहिली, विकायला काढला तेव्हा केस काढली तर कडांना सगळीकडे पांढरे पट्टे. म्हणजे जे होऊ नये म्हणून केस लावली ते केसनेच केलं. त्यामुळे कडक केस नको, हे माझं ठाम मत. विनाइलची स्किन ठीक आहे, ती चिकटून बसते, आत धूळ शिरत नाही, काढताना हेअर ड्रायरने जरा गरम केली की निघते. पण फक्त झाकणाला लावा, मनगट टेकतं तिथे नको, जाडी वाढते आणि वर फणस म्हणतायत तो प्रकार होतो.

पण ताई, खरं सांगू का, झाकून काही होत नाही. स्किनच्या खाली चरा आहे हे तुम्हाला माहीत असतंच. मी रात्री स्किनचा कोपरा उचलून बघायचो.

---

खारीबिस्कीट:

ओके टूथपेस्ट मागे घेतो. पण खोबरेल तेल? एक थेंब बोटावर घेऊन रेघेवर चोळायचा, रेघ दिसेनाशी होते. करून बघितलंय, फेकत नाहीये.

---

लेथवाला:

होते, परवापर्यंत. मग तेलावर धूळ बसते आणि तुम्ही ती परत पुसता, म्हणजे पुन्हा फडकं, पुन्हा कण. खोबरेल केसाला लावा.

---

रविवारची_झोप:

तिसऱ्या प्रश्नाला कोणी हातच लावला नाही, म्हणून मी. बघणं कधी बंद होतं? माझं दुसरा चरा पडला तेव्हा झालं. पहिल्याचं काय मोठं दुःख असतं, दुसरा पडला की आपण म्हणतो बरं. माझ्या लॅपटॉपवर उजव्या मनगटापाशी पाटली घासून घासून कड पांढरी झालीय, इतकी गुळगुळीत झालीय की टाइप करताना थांबले की मी अंगठा तिथेच फिरवत बसते. ऑफिसात एकसारखे दहा लॅपटॉप टेबलावर पडलेले असतात, माझा मी न उघडता उचलते. पण हे तुला आत्ता सांगून उपयोग नाही, एकच हप्ता गेलाय तुझा, आत्ता दुखणारच. निदान पाच हप्ते जाऊ देत.

---

सुपारी_कातर:

मला एक गंमत वाटते. आपल्याकडे नवीन पातेलं घेतलं की ते घरी यायच्या आधी दुकानातच त्या माणसाच्या हातात देतात, तो ते टर्रर्र करणारं मशीन घेऊन त्या चकचकीत स्टीलवर नाव कोरतो. आजोबांचं नाव, तारीख, अमुकच्या वास्तुशांतीनिमित्त, तमुकच्या लग्नात मामाकडून. पैसे देऊन चरे पाडून घेतो आपण. माझ्याकडे एक तांब्या आहे, त्यावर आजीच्या माहेरचं नाव आहे, स्पेलिंग चुकलेलं, वेलांटी ऱ्हस्वच्या जागी दीर्घ. आजी गेली, माहेरचं घरही राहिलं नाही आता. चुकलेली वेलांटी तेवढी आहे.

तुमच्या लॅपटॉपवर अक्षर नाहीये इतकंच, बाकी कोणाकडून आणि कधी, दोन्ही नोंदलंय. २ ऑक्टोबर २०२५.

---

कोकणी_फणस:

सुपारी, सकाळी सकाळी डोळ्यात पाणी आणलंत राव.

---

पावती_हरवली:

विषयाला सोडून विचारतो, भांड्यावर नाव घालून देणारे आता कुठे आहेत का पुण्यात? बोहरी आळीच्या बाजूला एक बसायचे.

---

आजी_ऑनलाइन:

रविवार पेठेत भांड्यांच्या दुकानात विचारा, घेतलेल्या भांड्यावर तेच घालून देतात अजून.

---

टीपकागद:

अपडेट. काल रात्री सगळं साग्रसंगीत केलं. ब्लोअर रूममेटच्या मित्राकडून आणला, अल्कोहोल मेडिकलमध्ये सहज मिळालं. फुंकणीनेच इतकी रांगोळी उडाली की मला आश्चर्य वाटलं, बिजागरीच्या फटीतून गुलाबी रंगाची पूड आणि झेंडूची एक अख्खी पाकळी निघाली, वाळलेली. मग ओलं कापड, मग अल्कोहोल. लेथवाला काका, तुम्ही म्हणालात तसंच झालं, मी मोजल्या होत्या, सतरा रेघांपैकी अकरा नुसत्या कापडाने गेल्या. खोडरबराने अजून चार. शेवटी दोनच राहिल्या, त्या चमकणाऱ्या, नख अडकतं. एक लांब आणि तिच्या आत एक छोटी. नीट बघितलं तर डावीकडे जाड सुरू होते आणि उजवीकडे बारीक होत संपते, म्हणजे आईने डावीकडून दाबून हात फिरवलाय आणि शेवटी उचलत नेलाय. ओट्यावर पण ती असंच पुसते, शेवटी हात उचलून पाणी खरकट्याच्या बाजूला झटकते. मला ते दिसलं आणि मी खोडरबर ठेवून दिलं.

स्किन मागवली होती ती कॅन्सल केली. हळद अजून आहे, खिडकीजवळ बसतेय आजी.

आणि एक. आज दुपारी आईचा फोन आला, इकडचं तिकडचं बोलून झालं, मग म्हणाली, तुझ्या त्या लॅपटॉपला काही झालं नाही ना गं? मी म्हटलं नाही गं, मस्त आहे. जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, मला त्याच दिवशी दिसलं होतं, दिव्यापाशी धरून बघितलं मी, तू काही बोलली नाहीस म्हणून मी पण बोलले नाही. चार दिवस मी पण तेच घेऊन बसलेय, बाबांना विचारलं याचा रंग कुठे मिळतो का वाईत, ऑइलपेंटच्या दुकानात.

मंडळी, बाबा जाऊन आले होते. गडद निळा ऑइलपेंट, पन्नास मिलीचा डबा, घरी आणून ठेवलाय, दिवाळीला आल्यावर लावू म्हणून.

---

लेथवाला:

डबा उघडू देऊ नका.

---

टीपकागद:

नाही नाही, सांगितलंय. तो आता कोयत्याच्या मुठीला लागणार आहे. आई म्हणतेय पुढच्या वर्षी लॅपटॉप चौरंगावर ठेवू आणि रांगोळी खाली जमिनीवर काढू.

---

कोकणी_फणस:

अक्षता पण खालीच टाकायला सांगा.